चौदा दिवसांचा एकांतवास

मॉरिशसमधील मराठी मुलांस मातृभाषा शिकविण्यास आम्ही जानेवारी 2021 मध्यें तेथें गेलों. पण करोनाच्या नियमानें 14 दिवस हॉटेलच्या एका खोलींत स्थानबद्ध झालों. जेवण दाराशीं ठेवीत; सातव्या व चौदाव्या दिवशीं नाकांतील स्राव तपासीत. स्नानसंध्येस वेळ मुबलक, तक्रार कसली?

परंतु नवव्या दिवशीं आमच्या दिवंगत कुटुंबाचें वर्षश्राद्ध आलें. पुरोहित नाहीं, दर्भ नाहीं, खिडकीही उघडेना. डब्यांतला भात काचेपाशीं ठेवून नांवगोत्र उच्चारिलें. कावळा नाहीं, एक साळुंकी आली व उडाली. एकोणिसाव्या शतकांत रोगाचा संशय येतां मजुरांचीं जहाजें येथल्याच फ्लॅट आयलंडवर अडवून ठेवीत. तेथें मेलेल्यांचें श्राद्ध कोणीं केलें असेल? त्यांच्या नांवेंही ओंजळभर पाणी सोडलें. तीळ नव्हते.