मातीचा पेला

सॅन फ्रान्सिस्कोहून बार्ट रेल्वेनं खाडी ओलांडून ओकलंडला गेलं की कोलिझियम स्टेशन लागतं. तिथून एक लांब पादचारी पूल थेट स्टेडियमकडे जातो. वर्षानुवर्षं याच पुलावरून लोक ओकलंड ॲथलेटिक्सचे बेसबॉल सामने पाहायला जात. इथं असताना संघानं चार वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली.

२०२३ मध्ये मालक जॉन फिशर संघ लास वेगासला नेणार हे कळलं. एरवी कित्येक सामन्यांना पाच-सहा हजारही प्रेक्षक नसत. पण १३ जूनला ठरवून २७,७५९ लोक आले. अनेकांच्या हिरव्या शर्टांवर एकच शब्द होता, 'विका'. अंगावर संघाचा रंग, त्यावर मालकाला निरोप!

नव्या मालकाकडून त्यांना काय हवं होतं? चषक मिळाला तर आनंदच. पण त्याआधी दोन साध्या गोष्टी: खेळाडू नावारूपाला आला की त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवू नये, आणि संघ गावातच राहावा. पराभव चाहते पचवतात. घरचा संघ जाणं पचत नाही.

नवा मालक आलाच नाही. २६ सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या सामन्याला ४६,८८९ लोक होते. संघ ३-२ नं जिंकला आणि सॅक्रामेंटोला निघून गेला. त्या दिवशी काही जणांनी मैदानातली माती पेल्यात भरून घरी नेली. संघाची मालकी त्यांना कधीच मिळणार नव्हती, माती मिळाली.