मिरजेतच राहा, सोनू



काल ताईचा फोन आला. वसुबारसेला तुझं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय हे ऐकून बरं वाटलं. शाळेला दिवाळीची सुट्टी, म्हणजे रजा टाकायला नको आणि पोरांचं नुकसानही नको, हा हिशेब तुझ्या स्वभावाला धरूनच आहे. पण पुढे ताई म्हणाली, "चार दिवस आराम करून भाऊबीजेला गुहागरला पोचते म्हणतेय." ते ऐकलं आणि लिहायलाच बसले. तुझ्यासारखे तिशीतले कितीतरी जण "एवढंसं तर ऑपरेशन" असं ऐकून दवाखान्यात जातात आणि पुढे घाबरून जातात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

येऊ नकोस. बोटांवर मोज बघू. वसुबारस झाली की धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि मग भाऊबीज. म्हणजे ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस. मोठ्या माणसाच्या बाबतीत साधारण पाचवा ते सातवा दिवस हा सगळ्यात दुखरा. त्याच सुमाराला घशातली खपली सुटायला लागते, आणि रक्त येण्याचा दुसरा धोकाही तिथूनच सुरू होतो. अशा वेळी तू कराडवरून कुंभार्ली घाट उतरत एसटीत बसलेली असणार, या विचाराने माझ्या पोटात गोळा आलाय.

लहान मुलांचं पाहून लोक मोठ्यांचा अंदाज बांधतात, तिथेच चुकतं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. शेजारच्या खाटेवर सहा-सात वर्षांचा एक मुलगा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आईकडे बिस्किट मागत होता आणि मला स्वतःची थुंकी गिळायची तरी उशी घट्ट धरावी लागत होती. मोठ्यांचे टॉन्सिल वर्षानुवर्षं सुजून-सुजून आजूबाजूच्या स्नायूला चिकटलेले असतात. ते सोडवताना जखम जास्त होते. त्यात ही जखम बहुतेक वेळा टाके घालून बंद करत नाहीत, उघडीच भरून येऊ देतात. हाताला लागलं तर हात गळ्यात बांधून ठेवता येतो. घशाचं तसं नाही. प्रत्येक आवंढ्याला तोच स्नायू हलतो, झोपेतसुद्धा.

पहिले दोन दिवस फसवे असतात, हे सगळ्यात आधी लक्षात ठेव. भूल उतरल्यावर घसा दुखेल, पडजीभ सुजून जिभेला टेकल्यासारखी वाटेल, पण तू पाणी पिशील, दोन शब्द बोलशील. ताई सगळ्यांना कळवेल की सोनू छान आहे. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढेल. घरात कुजबुज सुरू होईल की काहीतरी बिघडलं, पू झाला, डॉक्टरांनी नीट केलं नाही. तुलाही तसंच वाटेल. त्या दिवशी हे पत्र काढून वाच. दुखणं असंच चढतं आणि मगच उतरतं. पूर्ववत व्हायला मोठ्या माणसाला दोन आठवडे लागतात, आणि पाचव्या दिवशी रडू आलं म्हणून तू काही नाजूक ठरत नाहीस.

कानही ठणकतील. अगदी आत, रात्री जास्त. कानात काहीही झालेलं नसतं. घशाची आणि कानाच्या आतली संवेदना मेंदूपर्यंत नेणारा मज्जातंतू एकच आहे, त्यामुळे घशाची कळ कानात उमटते. तेल घालू नका, लसूण घालू नका. आजीला हे आधीच सांगून ठेव.

आणि मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघशीलच, त्यामुळे काय दिसेल तेही सांगून टाकते. टॉन्सिल होते तिथे दोन्ही बाजूंना खोलगट खड्डे, आणि त्यांच्यावर पांढरट-पिवळा, ओलसर, जाडसर थर. कडा लालभडक. वासही येतो, चांगलाच येतो. बघणारा प्रत्येक जण त्याला पू म्हणेल. तो पू नव्हे. अंगावरच्या जखमेवर धरते ती खपलीच, तोंडात सतत ओली राहिल्यामुळे पांढरी दिसते. ती खरवडायची नाही, कापसाने पुसायची नाही. मीठ-हळदीच्या खळखळून गुळण्या तर सुरुवातीला मुळीच करायच्या नाहीत. आपल्या घरात घसा म्हटलं की गुळण्या ठरलेल्या, पण इथे जोरात गुळणी केली तर खपली वेळेआधी सुटू शकते. साध्या पाण्याने हलकी चूळ भर, पुरे.

आता पाण्याविषयी. या सगळ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. दुखतं म्हणून माणूस पीत नाही. पीत नाही म्हणून घसा कोरडा पडतो, खपली ताणते, आणखी दुखतं. या चक्रात अडकलेली माणसं सलाईन लावायला परत दवाखान्यात येतात. पहिला घोट जीव काढतो, खोटं सांगत नाही. खांदे आपोआप वर जातात, डोळ्यांत पाणी येतं, घोट तोंडात धरून बसावंसं वाटतं. हनुवटी जराशी खाली घे आणि गिळून टाक. लगेच दुसरा घे, मग तिसरा. स्नायू एकदा हलता झाला की चौथ्या-पाचव्या घोटाला सोसवेल इतपत होतं. एकदम पेलाभर प्यायचं नाही आणि तास-तास थांबायचंही नाही. उशाशी तांब्या-भांडं ठेव. लघवी गडद पिवळी झाली किंवा बराच वेळ झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय असं समज.

सकाळ सगळ्यात वाईट. रात्रभर तोंडाने श्वास घेतल्यामुळे घसा सुकलेला असतो आणि गोळीचा असरही उतरलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध दुखायला लागल्यावर घ्यायचं नाही, घड्याळ लावून घ्यायचं, रात्रीचा डोससुद्धा. जेवायच्या अर्धा तास आधी घेतलंस तर चार घास जातील. गोळी गिळवत नसेल तर पातळ औषध मागून घे, त्यात संकोच कसला? दिवसभराची कमाल मात्रा मात्र कागदावर लिहून घे आणि ती ओलांडू नकोस. सर्दी-तापाच्या बाजारातल्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते नकळत दुप्पट होतं. ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने रक्त गोठायला अडथळा येतो. दुसरी कुठली गोळी कोणी प्रेमाने दिली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खाण्याचं ताईशी बोलतेच, तरी तुलाही सांगते. उकड्या तांदळाची पेज कर म्हणावं. तांदूळ अगदी गळेपर्यंत शिजवायचे, पळीने घोटायचे, गाळून घ्यायचे, मीठ आणि चमचाभर तूप घालून निवू द्यायचं. कोमट झाली की पेल्यातून प्यायची. चमच्यापेक्षा पेला बरा पडतो, तोंड फार उघडावं लागत नाही. मग मुगाची पातळ खिचडी, आटवल, साबुदाण्याची खीर, शहाळं. सोलकढी तुझी आवडती, पण आता नको, कोकम चरचरतं. लिंबू, संत्रं, टोमॅटो, आंबट ताक यांचंही तेच. आणि आइस्क्रीम खा. मला ठाऊक आहे, आपल्याकडे घसा आणि थंड यांचं वैर मानतात, येणारी-जाणारी बाई ताईला बोल लावेल. पण थंडाने सूज उतरते आणि वेदना बोथट होते. बर्फाचा खडा चघळला तरी चालतो. दुधाच्या पदार्थांनी तोंडात चिकटा वाटला तर वर दोन घोट पाणी.

नेमकी दिवाळी आहे, त्यामुळे घरात सगळं कडक आणि कुरकुरीत असणार. चकली, शेव, चिवडा, कडबोळी. दोन आठवडे त्यातलं काही नाही, अगदी नखाएवढा तुकडासुद्धा नाही. कडक कड खपलीला लागली तर रक्त येऊ शकतं. अभ्यंगस्नान कोमट पाण्याने कर. फटाक्यांच्या धुरात अंगणात उभी राहू नकोस, खोकल्याची एक उबळ तुला फार महाग पडेल. आणि भेटायला येणाऱ्यांशी बोलायचं नाही. वही-पेन जवळ ठेव. तू शिक्षिका आहेस, गप्प बसणं तुला जड जाईल, पण तू न बोललीस म्हणून कोणी रागावणार नाही. रागावलंच तर त्याला माझ्याकडे पाठव.

हे सगळं वाचून "मग करूच कशाला" असं मनात आलं असेल, तर त्याचंही बोलू. गेली काही वर्षं तुला मी पाहतेय. परीक्षा आली की ताप, पावसाळा आला की ताप, अँटिबायोटिकचा एक कोर्स संपतो न संपतो तोच दुसरा. शस्त्रक्रियेचा विचार कधी करावा याचा एक निकष जगभर वापरतात: वर्षात ७ वेळा घसा येणं, किंवा सलग २ वर्षं दर वर्षी ५ वेळा, किंवा सलग ३ वर्षं दर वर्षी ३ वेळा. तू त्यात बसतेस. ब्रिटनमध्ये २७ रुग्णालयांतल्या ४५३ प्रौढांवर या प्रश्नाचा नीट अभ्यास झाला, २०२३ साली तो 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन वर्षांत, शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं धरूनसुद्धा, ऑपरेशनच्या गटातल्या लोकांचा घसा मध्यकानुसार २३ दिवस दुखला, औषधांवर थांबलेल्यांचा ३० दिवस. फरक अफाट नाही, पण आहे, आणि तो ऑपरेशनच्या बाजूने आहे. ज्याचा घसा वर्षात एखाद-दोनदा येतो त्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुझं तसं नाही.

टॉन्सिल गेले की प्रतिकारशक्ती जाते, अशी आजीची धास्ती आहे. तिला सांग, जिभेच्या मुळाशी आणि घशात इतरत्र तेच काम करणाऱ्या पेशी आहेत, आणि मोठेपणी टॉन्सिलवर शरीर फारसं अवलंबून नसतं.

शाळेचंही आधीच बोलून ठेव. सुट्टी संपताच पहिल्या दिवशी साठ पोरांवर आवाज चढवायचा नाही. आठवडाभर रजा वाढवावी लागली तर वाढव. आवाज थोडे दिवस वेगळा, नाकातून आल्यासारखा वाटेल, तो बहुधा आपोआप जागेवर येतो.

आणि आता रक्ताविषयी, ज्याच्यासाठी मी तुला गुहागरला येऊ देत नाहीये. त्याच ब्रिटिश अभ्यासात ऑपरेशन झालेल्या २३१ जणांपैकी ४४ जणांना रक्तस्रावाचा त्रास झाला. बरेचदा तो थोडक्यात थांबतो, पण कधी पुन्हा भूल देऊन रक्तवाहिनी बंद करावी लागते. पहिल्या २४ तासांत एक धोका असतो, तेव्हा तू दवाखान्यातच असशील. दुसरा साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, म्हणजे तू घरी असताना. थुंकीत एखादी लालसर रेघ दिसली तर थंड पाण्याची हलकी चूळ भर आणि लक्ष ठेव. पण ताजं लाल रक्त तोंडात साठायला लागलं, गुठळ्या पडल्या, किंवा झोपेत सारखं काहीतरी गिळतेय असं ताईला दिसलं, तर थांबायचं नाही. उठून बसायचं, पुढे वाकायचं, रक्त गिळायचं नाही, वाटीत थुंकायचं म्हणजे किती गेलं ते डॉक्टरांना कळतं. काही खायचं-प्यायचं नाही, पुन्हा भूल द्यावी लागू शकते. ताप १०१ च्या वर गेला आणि उतरेनाच, किंवा दिवसभरात पाणीच जाईना, तरी फोन करायचा.

भाऊबीजेला आमची दोन्ही पोरं तुझ्याकडे येतील. भावाने बहिणीकडे जायचं असतं, रीत तीच आहे. ओवाळून घेतील, तासाभरात निघतील.

तू मात्र ऑपरेशनच्या आधीच, घरी सोडताना नव्हे, डॉक्टरांना तोंडावर विचारून घे: लक्ष्मीपूजनाच्या रात्री आणि पाडव्याला कान-नाक-घशाचं कोण हजर असेल, फोन कोणता लावायचा, ते रजेवर असतील तर मिरजेत दुसरीकडे कुठे जायचं. तो कागद फ्रिजवर चिकटव, खाली १०८ लिही. आणि रात्री दोन वाजता जरी रक्त आलं तरी सकाळची वाट पाहू नकोस. लगेच निघ.

तुझी,
मावशी