तरु आणि गुरु

मुंबईस गोरेगांवनजीक, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेस, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचें निसर्गशिक्षण केंद्र आहे. १८८३ सालीं स्थापन झालेली ही संस्था तेथें शाळेच्या मुलांस रानवाटांनीं हिंडवून झाडें, पांखरें, फुलपांखरें ओळखावयास शिकविते. नातवंडांस तेथें धाडण्याचें निघालें, तेव्हां "एक दिवस अभ्यास बुडेल" असा सूर घरांत उमटला. आम्हांस हा हिशेब उलटा वाटतो. सह्याद्रींतील कारवी साधारणतः सात वर्षांनीं एकदां फुलते, बीं धरते आणि वाळून जाते. बुडालेला धडा रात्रीं भरून निघेल. हुकलेला फुलोरा मात्र मूल मोठें झाल्यावरच पुन्हां दिसावयाचा.

त्याच रानांतील पाड्यांवर वारली कुटुंबें राहतात. कारवीच्या कुडास शेणमाती लिंपून घर उभारण्याची रीत त्यांची. त्यांचीं मुलेंही या सहलींत असावींत. म्हणजे आमच्या मुलांस त्यांजपाशीं कांहीं शिकतां येईल.

'तरु' हा शब्द 'गुरु'प्रमाणें चालतो, हें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें घोकून घेतलें. तरु हाच गुरु होतो, हें रानांतच उमगतें. वाचकहो, परतलेल्या मुलांस गुण विचारूं नयेत, "काय पाहिलेंस?" एवढेंच विचारावें.