सेल्फ घेत नाही

सौदीतल्या जिझानमध्ये गाडीच्या स्टार्टरला ‘सिल्फ’ म्हणतात. चिपळूणला आम्ही ‘सेल्फ’ म्हणायचो. एवढ्या एका शब्दाच्या भरवशावर मी सनाइयात, म्हणजे इथल्या गॅरेजवाल्यांच्या वस्तीत, शिरलो आणि दुसऱ्याच शब्दाला अडकलो. मला सेल्फच्या मोटरीतले कार्बन हवे होते. चार वेळा ‘कार्बन, कार्बन’ करून झालं. शेवटी झिजलेला तुकडा खिशातून काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा म्हातारा दुकानदार हसला. ‘आह, फहमात!’ फहम म्हणजे कोळसा. कोळशाला कोळसा म्हणणारी माणसं ती. आपणच उगीच विलायती नाव लावून बसलो.

अण्णांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. माझं बालपण वॉर्निशच्या वासात आणि तांब्याच्या तारेच्या तुकड्यांत गेलं, पण माझ्या हातात पक्कड कधी आली नाही. ‘तू अभ्यास कर’, एवढंच. माझं काम कार्बन निवडायचं: मिक्सरचे एका डब्यात, ड्रिलचे दुसऱ्यात, सेल्फचे तिसऱ्यात. पावसाळ्यात भिजलेले पंप यायचे. अण्णा ते उघडून पत्र्याच्या डब्याखाली शंभरचा बल्ब लावून दोन-दोन दिवस शेकत ठेवायचे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तर रांग रस्त्यावर गेली होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी पुन्हा बाजारपेठेत शिरली, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांच्या मोटरी शेकून परत दिल्या आणि मग दुकान बंद केलं.

त्यांची स्वतःची गाडी चेतक. सकाळी ती कलवायची, सरळ करायची, मग किक. तिसऱ्या किकेला नाही उठली की अण्णा थांबायचे, प्लग काढून हुंगायचे. २००१ साली पल्सर आली आणि वर्षभरात मामेभावाने बटणाची घेऊन दारात उभी केली. आम्ही पोरं आळीपाळीने बटण दाबत होतो. अण्णा ओटीवरून म्हणाले, ‘पायाला कम्प्रेशन कळतं रे. अंगठ्याला काय कळणार?’ तेव्हा आम्ही हसलो होतो.

बटणाची मूळ कल्पना अण्णांना आवडली असती. चार्ल्स केटरिंग आधी गल्ल्याचा ड्रॉवर विजेवर उघडणारी मोटर करत होता. ड्रॉवर उघडायला क्षणभर जोर लागतो, दिवसभर नाही. म्हणून लहान मोटरीवर क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही. हेच त्याने इंजिनाला लावलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकचं हाताने फिरवायचं हँडल गेलं. सेल्फ पाच सेकंदांवर दाबू नये, मध्ये विसावा द्यावा, तो यासाठीच.

माझी गाडी वीसेक वर्षांची जपानी, अडीचशे सीसीची. कायमच्या एक्झिटवर गेलेल्या एका फिलिपिनो सहकाऱ्याकडून घेतली. किक नाहीच. तांबड्या समुद्राची खारी दमट हवा, त्यात उन्हाळ्यात ‘गबरा’ म्हणतात तो धुळीचा वारा. एका जुम्म्याला बटण दाबलं तर नुसतं टक. दिवे झगझगीत, बॅटरी ठणठणीत, रिले वाजतोय. मग सेल्फच. नवा आख्खा सेल्फ मागवता आला असता. पण दुपार मोकळी होती, आणि चिपळूणला साडेसहा वाजले होते, म्हणजे अण्णा ओटीवर असणार.

स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरलं आणि मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. ‘बॅटरीची निगेटिव्ह काढलीस?’ हा पहिला प्रश्न. ‘कव्हरवर पेनाने रेघा मार, नाहीतर बसवताना रडशील.’ दोन लांब बोल्ट सुटले आणि आतून काळी पूड सांडली, वर्षानुवर्षं झिजलेला कार्बन. शाफ्टवरचे बारीक वॉशर त्यांनी मला मोठ्याने मोजायला लावले. कम्युटेटरच्या तांब्यावर काळा थर होता, पट्ट्यांमधल्या फटी बुजलेल्या. झिरो नंबरच्या पेपरने तांबं उजळलं, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने फटी कोरल्या. मीटर लावला: पट्टी ते पट्टी वाजतोय, पट्टी ते शाफ्ट गप्प. म्हणजे आर्मेचर शाबूत. अण्णांनी नुसतं ‘हं’ केलं.

कार्बन मात्र संपलेले. घरात ड्रिलचे होते, आणि मी हात त्यांच्याकडे नेल्याबरोबर मोबाइलमधून ओरडा आला. सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं कालवलेलं असतं. बारा व्होल्टवर एवढा करंट न्यायचा तर साध्या कोळशाचं काम नाही. म्हणून सनाइया. तिथं मिळाले कारच्या सिल्फचे, आकाराने मोठे. ते कानशीने घासून होल्डरमध्ये सैल सरकतील इतके केले. त्यांची तांब्याच्या दोरीची शेपटी सोल्डर करताना टाका वर दोरीत चढू द्यायचा नाही, नाहीतर दोरी कडक होते आणि कार्बन अडकतो. माझा पहिला चढलाच. दुसऱ्या खेपेला अण्णा म्हणाले, ‘दोरी पकडीत धर, ती उष्णता खाईल.’ खाल्ली.

जोडताना खरी फजिती. चुंबकांनी आर्मेचर हातातून हिसकून घेतलं आणि कार्बन स्प्रिंगसकट कपाटाखाली. तीनदा. चौथ्यांदा स्प्रिंगा दोऱ्याने मागे बांधल्या. गजऱ्याचा दोरा तो. जिझानचा मोगरा प्रसिद्ध, त्याला इथं ‘फुल’च म्हणतात, आणि बायको बाजारातून गजरा आणते. आर्मेचर बसल्यावर दोरा ओढून घेतला. खोली अजून मोगऱ्याची की कार्बनची, सांगता येत नव्हतं.

रात्री दहाला खाली जाऊन बटण दाबलं. गाडी उठली. मी मोबाइल इंजिनाशी धरला, बंद करून पुन्हा उठवली, पुन्हा. चिपळूणला साडेबारा वाजून गेले होते. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘शेवटी बारीक किरकिर ऐकू येते. मागचा बुश गेलाय. पुढच्या जुम्म्याला परत खोल.’

त्याला आता सहा जुम्मे झाले. अजून खोललेला नाही.