पहाड चढणारी अँबेसेडर

गडचांदूर सोडलं की जिवतीचा रस्ता माणिकगडच्या पहाडावर चढू लागतो. असल्या चढणीला अँबेसेडर घाई करत नसे. ड्रायव्हर स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर उतरवी, ती एकदा गुरगुरे आणि आपल्या चालीने वर जाई. रेडिएटर तापला तर सावली बघून थांबायचं, बॉनेट उघडायचं, आणि निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

अंगाने ती गोलसर, भारदस्त. थोरल्या काकूसारखी सगळ्यांना पोटाशी घेणारी. जुन्या मॉडेलात पुढची सीट अखंड, म्हणून ड्रायव्हरशेजारी दोघं सहज मावत. मागे दाटीवाटीने चौघं, शिवाय मांडीवर पोरं. पहाडावर मात्र ती बहुधा साहेबाची गाडी म्हणूनच ओळखली गेली. गोंड-कोलामांच्या गुड्यांना आणि मराठवाड्यातून दुष्काळात इथे येऊन वसलेल्या कुटुंबांना बैलगाडी आणि जीपच जवळची. पांढरी अँबेसेडर आली म्हणजे कुणीतरी अधिकारी आला.

मुळात ती इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरासाठी घडलेली. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत १९५६ साली मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका निघाली आणि तिकडे काही वर्षांतच थांबली. त्याच बांध्याची गाडी हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाऱ्यात १९५७ पासून बनवायला घेतली, ती थेट २०१४ पर्यंत. मायदेशात जे मॉडेल लोक विसरून गेले, ते इथे अर्धशतकाहून अधिक काळ रस्त्यावर राहिलं. आयातीवर निर्बंध होते, निवड नव्हती, हे खरंच; पण तेवढ्यावर कुठलीही गाडी इतकी टिकत नाही. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा खड्डे सोसत, आणि १४८९ सीसीचं साधं इंजिन कुठल्याही मिस्तरीला उघडता येई. पाना, पक्कड आणि कान एवढ्यावर तिचं दुखणं ओळखणारी माणसं तालुक्या-तालुक्याला होती. मला तिचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो.

आज संग्राहक तिच्यामागे आहेत. मार्क टूची बारीक चौकटींची जाळी, मूळ मीटर, मूळ बंपर यांसाठी ते भंगारबाजार पालथे घालतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांसाठी वेगळी विंटेज नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरप्लेटसह. म्हणजे साठीच्या दशकातल्या, घरात लाडाने ठेवलेल्या अँबेसेडरला मानाचं स्थान मिळालं. चढ-उतार झिजवणाऱ्या सरकारी अँबेसेडरच्या वाट्याला दुसरा नियम आला: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द. त्यांचा रस्ता भंगाराकडे.

याचं मला फार वाईट वाटतं. कारण चकचकीत पॉलिश केलेल्या गाडीपेक्षा, पहाडात तापलेल्या, चिखलात रुतलेल्या, बैलजोडी लावून बाहेर काढलेल्या गाडीला अधिक सांगण्यासारखं असतं. विंटेज गाड्यांच्या मेळाव्यात एखादी अशी दमलेली सरकारी अँबेसेडरही उभी राहावी, रंगाचे पोपडे तसेच ठेवून. आणि जो कोणी जुनी खासगी अँबेसेडर विकत घेईल त्याने ती गॅरेजात झाकून ठेवू नये, चालवावी; कार्ब्युरेटर साफ करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्तरीजवळ एखाद्या तरुण पोराला बसवावं. तो हात गेला, तर सुटे भाग मिळूनही ती चालायची नाही.