दोन डोळे शेजारी

‘दोन डोळे शेजारी, भेट नाहीं संसारी’ ही म्हण आपल्या घरांतून मुलांस कोड्यासारखी सांगितली जाते. ही भेट बाहेर होत नसली, तरी आंत मेंदूंत होते. दोन डोळ्यांमध्यें सुमारें साडेसहा सेंटिमीटरांचें अंतर असल्यानें प्रत्येकास वस्तु किंचित् निराळी दिसते, आणि त्या दोन दृश्यांच्या मेळांतून आपणांस खोली समजते. व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें 1838 सालीं हें सप्रमाण दाखविलें. घरच्या पडद्यावर अशीं सखोल दृश्यें पाहावयाचीं, तर ही म्हण किती कांटेकोरपणें पाळावी लागते, याचा अनुभव आम्हांस नुकताच आला.

आमच्या मातोश्रींनीं नव्वदी ओलांडली आहे. वेरूळ आमच्या छत्रपति संभाजीनगरापासून अवघें तीस किलोमीटर. परंतु गुडघ्यांमुळें कैलास लेण्याचें दर्शन त्यांस आतां घडणें नाहीं. म्हणून आमच्या पुतण्यानें दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानें तेथील चलच्चित्र घेतलें व घरच्या जुन्या टीव्हीवर लावलें. असे संच करणें मोठ्या कारखान्यांनीं 2017 च्या सुमारास सोडलें. आमचा जपून ठेविलेला आहे. त्याच्या पडद्यावर 1080 आडव्या ओळी असून त्या एकाआड एक डाव्या व उजव्या डोळ्यास वांटून दिलेल्या असतात. पडद्यावरील पातळ पापुद्रा दोहोंच्या प्रकाशास परस्परविरुद्ध वळण देतो आणि चष्म्याची प्रत्येक कांच आपल्या वांट्याचाच प्रकाश आंत घेते. म्हणजे एकेका डोळ्यास 540 ओळी.

चित्र सुरू झालें, तोंच मातोश्री म्हणाल्या, “अरे, हत्तीच्या अंगावर हे पट्टे कसले? माझें डोकें दुखूं लागलें.” सर्वांनीं ‘वयाचे डोळे’ म्हणून समजूत घातली. त्यांनींही ती निमूटपणें मानली व चष्मा काढून ठेविला. हें आम्हांस रुचलें नाहीं. मोतीबिंदू काढल्यापासून त्या स्वतः वाती वळतात, सुईंत दोरा ओंवतात.

आम्हीं पुतण्यास डाव्या दृश्यांत ‘डा’ व उजव्यांत ‘उ’ अशीं अक्षरें घालण्यास सांगितलें. चष्मा लावून एक डोळा मिटला, कीं एकच अक्षर दिसावयास हवें. आम्हां सर्वांसच दोन्हीं दिसलीं! पुतण्यानें दोहों डोळ्यांच्या ओळी संगणकांतच आधीं विणून ठेविल्या होत्या, आणि टीव्ही कडा कापून चित्र थोडें मोठें करीत होता. ओळी आपल्या जागेवरून सरकल्या. बोटभर पट्टा बरोबर, तर पुढचा बोटभर उलटा. चित्र मूळ मापांत ठेवितांच पट्टे गेले.

“आतां हत्ती भिंतींत शिरले कीं रे!” मातोश्री उद्गारल्या. अगदीं खरें होतें. चित्राची चौकट एका ओळीनें खालीं बसली होती. डाव्याचें उजव्यास गेलें व पुढचें तें मागें झालें. चौकट पडद्याशीं जुळविली. तरीही दगडांच्या कडांवर परका रंग उरलाच. चलच्चित्र साठवितांना जागा वांचविण्यासाठीं बहुधा दोन ओळींस मिळून रंगाची एकच नोंद ठेवितात, आणि येथें शेजारच्या ओळी तर निरनिराळ्या डोळ्यांच्या!

या सर्वांवर उपाय एकच. ओळी आधीं विणूं नयेत. डावें दृश्य वर व उजवें खालीं असें वेगळें साठवावें आणि विणण्याचें काम शेवटीं टीव्हीवरच सोंपवावें. ओळी निम्म्या करण्यापूर्वीं चित्र उभ्या दिशेनें किंचित् मृदु करावें, म्हणजे बारीक रेषा लुकलुकत नाहींत. काकाक्षिगोलकन्यायांत कावळ्याचें एकच बुबुळ दोन्ही खोबणींचें काम करतें. एका पडद्यास तेंच करावयाचें असतें, परंतु वांटणी न चुकवितां.

पुतण्यानें तसें केल्यावर ध्वजस्तंभ पुढें उभा राहिला, देऊळ मागें गेलें, आणि आठव्या शतकांत राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळीं वरून खालीं कोरीत आणलेल्या त्या अखंड कातळाच्या पायथ्याचे हत्ती बाहेर आले. मातोश्रींनीं हात जोडले.

घरांतील वृद्ध माणसानें नीट दिसत नाहीं असें म्हटलें, तर वाचकांनीं प्रथम स्वतः एक डोळा मिटून चित्राची परीक्षा करावी. वयाचें कारण सांगणें सर्वांसच सोपें पडतें. आणि म्हातारें माणूस तें मुकाट्यानें मान्य करतें, हें अधिक वाईट.