नवा चेंडू कोणाच्या हातात?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषयांवर कायम भांडण होतं. एक म्हणजे दिवाळीला कोण कधी पोचणार, आणि दुसरा म्हणजे उमेश यादव.

पहिला विषय तुमच्याकडेही असेल. दुसरा समजायला आमचं गाव थोडं समजून घ्यावं लागेल. आम्ही कटंगीचे, जिल्हा बालाघाट. कागदावर मध्य प्रदेश. शाळा हिंदीत झाली, बाजारातल्या पाट्या हिंदीत. पण मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि क्रिकेट या तीन गोष्टींसाठी आमच्या घरचं तोंड नागपूरकडेच. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भ तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. बाबांचा जन्मही त्याच वर्षीचा. राज्य बदललं तरी बाबांची टीम काही बदलली नाही. रणजीत विदर्भ आणि मध्य प्रदेश समोरासमोर आले की आमच्याकडे कोणाच्या बाजूनं हा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्या विदर्भाचा उमेश हा आमचा पहिला मोठा माणूस. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला. आमच्या जिल्ह्यात तिरोडीला, भरवेलीला मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीतल्या पाळीला जाणाऱ्या माणसाचं पोरगं भारताकडून नवा चेंडू टाकतं, ही गोष्ट आमच्याकडे नुसती बातमी नव्हती. विदर्भाकडून खेळून भारताचा कसोटीपटू झालेला तो पहिलाच. गंमत म्हणजे नोव्हेंबर २००८ मध्ये त्याचा पहिला रणजी सामना झाला तो मध्य प्रदेशविरुद्ध. पहिल्या डावात ७२ धावांत ४ विकेट. विदर्भ तो सामना हरला, पण बाबांना फक्त त्या चार विकेट आठवतात.

आता भांडणाकडे येतो. ३५ ओलांडलेल्या फास्ट बॉलरची किंमत किती?

मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझं म्हणणं सरळ होतं. फास्ट बॉलिंग हे शरीर झिजवणारं काम आहे. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर आणि कमरेवर येतो, आणि हे दिवसातून शंभरेक वेळा. वय वाढतं तसा वेग कमी होतो, दोन स्पेलच्या मधली विश्रांती वाढते. अनुभव वाढतो हे खरं, पण दुपारी चार वाजता तिसरा स्पेल टाकायला अनुभव पुरत नाही. आणि जुन्या बॉलरला दिलेली प्रत्येक ओव्हर ही कोण्या तरी नव्या पोराची न मिळालेली ओव्हर असते.

बाबा म्हणायचे, "तुले आकडे दिसतात, मले बॉलिंग दिसते."

एकदा त्यांनी थेट सी. के. नायडूंना मैदानात उतरवलं. नागपूरचाच माणूस, पन्नाशीत होळकरकडून रणजीच्या अंतिम सामन्यात द्विशतक, साल १९४५-४६. मी म्हटलं, "बाबा, ते बॅटिंग होतं." बाबा म्हणाले, "मग? बॅटिंग का खुर्चीवर बसून करतात?"

पण बाबांचा खरा हुकमी एक्का इंदूरचा. मार्च २०२३, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. उमेशचे वडील जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. ऑस्ट्रेलिया ४ बाद १८६ वर आरामात होती. १९७ वर सगळी टीम बाद. अश्विनच्या तीन आणि उमेशच्या तीन, तेही ५ ओव्हरमध्ये १२ धावा देऊन. भारतातल्या कसोटी सामन्यांत त्याच्या शंभर विकेट त्याच डावात झाल्या. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. "हे तुझ्या एक्सेलमध्ये कुठं बसते ते दाखव," बाबा म्हणाले. मला दाखवता आलं नाही.

तीन महिन्यांनी ओव्हलवर जागतिक कसोटी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तिथे त्याला दोन विकेट मिळाल्या. त्यानंतर कसोटी संघात त्याचं नाव आलं नाही. ५७ कसोटी, १७० विकेट, आणि मग काहीच नाही. इथेही मी माझ्या मतावर ठाम होतो. निवड समितीनं पुढं बघायचं असतं. लिलावातही तेच. संघ मागच्या विकेटचे पैसे देत नाहीत, पुढच्या विकेटचे देतात.

इथपर्यंत हे सगळं टीव्हीवरच्या लोकांबद्दलचं भांडण होतं. पण मी ज्याच्यामुळे बॉलिंग शिकलो, तो आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो.

दादा माझा मोठा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. कृषी केंद्र चालवतो. लहानपणी तो खेळपट्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचा आणि म्हणायचा, यावर बॉल पाडला तर नाणं तुझं. एका उन्हाळ्यात मी सात रुपये कमावले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या टीमची शेजारच्या गावाशी लेदर बॉलवर मॅच असते. वीसेक वर्षं त्या मॅचचा पहिला चेंडू दादाच टाकत आला.

कोविडनंतर टीमचं सगळं माझ्याकडे आलं, कारण ग्रुपवर याद्या करायची हौस मलाच. स्कोअरही मीच ठेवतो. २०२३ च्या दिवाळीआधी मी बसून हिशेब केला. आधीच्या तीन दिवाळ्यांत दादाच्या नऊ ओव्हर, ८१ धावा, एक विकेट. आमच्या मागच्या गल्लीत एक १९ वर्षांचा पोरगा आहे, बालाघाटला कॉलेजात जातो, चेंडू उसळवतो. मी अकरा नावं ग्रुपवर टाकली. त्यात दादाचं नाव नव्हतं. पोराच्या नावापुढे कंसात लिहिलं, नवा चेंडू.

दादाला फोन केला नाही. खरं सांगायचं तर दहा वेळा करायचा ठरवला. मग मनाशी म्हटलं, यादी वाचून समजेलच. त्याच्या नावापुढे निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मॅचच्या दिवशी तो आला, झाडाखाली बसला, चहा सांगितला आणि दुसऱ्या डावाआधी उठून दुकानात गेला. पोरानं चार विकेट घेतल्या. मॅच आम्ही जिंकली. म्हणजे हिशेब बरोबर होता. तरी रात्री जेवताना बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये महाशिवरात्रीला मी घरी आलो आणि आठवडाभर कटंगीतूनच काम केलं. विदर्भानं उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशला ६२ धावांनी हरवलं होतं आणि वानखेडेवर मुंबईविरुद्ध अंतिम सामना सुरू होता. १४ मार्च २०२४, पाचवा दिवस. ५३८ चं लक्ष्य. विदर्भानं खरंच घाम काढला. कर्णधार अक्षय वाडकरचं शतक, हर्ष दुबेची साथ. बाबा खुर्चीच्या टोकावर. लॅपटॉपवर माझी मीटिंग चालू, कॅमेरा बंद. दादा कुठलीशी पावती द्यायला आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. दिवाळीनंतर तो पहिल्यांदाच घरी आला होता.

जेवणानंतर विकेट भराभर पडल्या. शेवटची जोडी आली. बॅटिंगला उमेश यादव. रहाणेनं चेंडू दिला धवल कुलकर्णीला.

धवल तेव्हा ३५ वर्षांचा, उमेश ३६ चा. दोघांनी एकाच मोसमात, २००८-०९ मध्ये रणजी खेळायला सुरुवात केली. धवलनं त्या पहिल्याच मोसमात ४२ विकेट घेतल्या होत्या. लगेच न्यूझीलंड दौऱ्याच्या संघात नाव आलं, पण कसोटी सामना त्याला शेवटपर्यंत मिळाला नाही. आणि हा त्याचा शेवटचा सामना आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईनं त्याला दया म्हणून खेळवलं नव्हतं. पहिल्या डावात त्यानं १५ धावांत ३ विकेट घेतल्या होत्या. पण शेवटच्या विकेटसाठी इतर बॉलर असताना चेंडू त्याला दिला, तो मात्र जाणूनबुजून. धवलनं उमेशचा त्रिफळा उडवला. मुंबईचं ४२ वं अजिंक्यपद. सगळे धवलकडे धावले आणि उमेश बॅट काखेत घेऊन निघाला.

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. उंबऱ्यातून दादा म्हणाला, "चांगलं केलं. त्याले माहीत होतं ना, शेवटचा आहे म्हणून." आणि पावती टेबलावर ठेवून निघून गेला.

त्या वाक्यात माझ्याबद्दल काहीच नव्हतं, तरी मला मीटिंगमध्ये पुढं काय चाललं ते ऐकू आलं नाही.

त्याच जुलैत लॉर्ड्सवर जेम्स अँडरसनचा शेवटचा कसोटी सामना झाला. वय ४१, विकेट ७०४. इंग्लंडच्या व्यवस्थापनानं त्याला समोर बसवून सांगितलं होतं की आम्हाला पुढच्या ॲशेससाठी नवे बॉलर तयार करायचेत. त्याच सामन्यात गस ॲटकिन्सन नावाच्या नव्या पोरानं पदार्पणात १२ विकेट घेतल्या. मी ग्रुपवर लिहिलं, बघा, निर्णय बरोबर होता. अमेरिकेतल्या मामेभावानं लगेच बेसबॉल काढलं. त्यांच्याकडे ह्यूस्टनचा पिचर जस्टिन व्हरलँडर २०२२ मध्ये ३९ व्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा बहुमान घेऊन बसला होता, तेही कोपराच्या ऑपरेशननंतर. म्हणजे वयावरून काढलेला हिशेबही चुकतो. भांडण पुन्हा रंगलं.

मी मात्र त्यात फार भाग घेतला नाही. अँडरसनला थांबवलं ते बरोबर की चूक, यावर वर्षभर वाद घालता येईल. तो स्वतःही पूर्ण पटून थांबला असं नाही, पुढच्या वर्षी लँकेशायरकडून पुन्हा खेळलाच. पण त्याच्याशी बोलले होते. मी जे इतकी वर्षं एकच गणित समजत होतो, ती दोन गणितं होती. पुढच्या मॅचला कोण उपयोगी, हे एक. त्याला आकडे लागतात, आणि तिथे उपकार मोजून चालत नाही, नाहीतर १९ वर्षांच्या पोरावर अन्याय होतो. ज्याला वगळायचं त्याला कोण सांगणार आणि कसं, हे दुसरं. तिथे आकडे काहीच कामाचे नाहीत. पहिलं गणित बरोबर सुटलं म्हणून मी दुसरं सोडवलंच नव्हतं.

२०२४ च्या दिवाळीआधी, यादी टाकायच्या आदल्या दिवशी मी दादाच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत बियाण्यांच्या पिशव्या मोजत उभा राहिलो. मग सांगितलं. गेल्या वर्षी तुला न सांगता नाव काढलं, ते चुकलं. नाव काढलं ते चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. या वर्षीही नवा चेंडू त्या पोरालाच देणार आहे. तू टीममध्ये हवास, पण आधी टाकशील की मधल्या ओव्हर, ते तू आणि तो ठरवा.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एक वर्ष लागलं तुले?"

"हो."

"ते पोरगं चेंडू आडवा धरते. शिवण सरळ नाही येत त्याची. कोणी सांगितलं का त्याले?"

मला माहीत नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

मॅचमध्ये दादानं मधल्या चार ओव्हर टाकल्या. ३१ धावा, विकेट नाही. दोन सिक्स बसले. आम्ही हरलो. मी स्कोअरबुकात तसंच लिहिलं. पण दर ओव्हरनंतर पोरगा त्याच्याकडे पळत जायचा आणि दोघं चेंडूवर बोटं ठेवून काहीतरी बोलायचे. याचा रकाना माझ्या एक्सेलमध्ये अजून नाही. त्या रात्री बाबांनी मला स्वतःहून दुसरी पुरणपोळी वाढली.

नोव्हेंबरच्या शेवटी मी कामावर परतलो होतो. जेद्दाहला आयपीएलचा लिलाव चालू होता. वर्षभर आधी गुजरातनं उमेशसाठी ५ कोटी ८० लाख मोजले होते. या वेळी मूळ किंमत २ कोटी होती, आणि कोणीच हात वर केला नाही. माझा हिशेब पुन्हा बरोबर निघाला. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही.

रात्री दादाचा फोन आला. तो सहसा फोन करत नाही.

"उमेशले घेतलं नाही कोणी."

"हो, पाहिलं."

थोडा वेळ दोघंही गप्प. मग तो म्हणाला, "कोणी फोन तरी केला असन का त्याले?"